राक्षसी डांगर लावायचंय? मग बी टोकायच्या आधी वेलाचा नकाशा काढा

मोठ्ठ्या भोपळ्याचा व्हिडिओ बघितला की पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ खत कोणतं टाकलं?" खताचं बघू नंतर. खरा खेळ आहे वेलाचा, म्हणजे कुठला वेल कुठं पळवायचा, कुठं थांबवायचा, कुठला मुळातच खुडून टाकायचा. २०२३ साली कॅलिफोर्नियात हाफ मून बेच्या स्पर्धेत ट्रॅव्हिस गिएंगर यांचा भोपळा २७४९ पौंड भरला होता, म्हणजे १२४७ किलो. असल्या भोपळ्यांमागं एकच हिशोब असतो, एक झाड, त्याला एकच फळ, आणि बाकी सगळा पसारा त्या एका फळाला पोसायला. आपल्याकडच्या उन्हात तेवढं होणार नाही हे आधीच डोक्यात ठेवा, पण शंभर किलोच्या आसपास जरी गेला तरी अख्खं गाव बघायला येतंय की.

बियाणं आधी. आपलं घारग्याचं देशी डांगर कितीही लाड केले तरी एवढं मोठं होत नाही, त्याची जातच वेगळी. राक्षसी भोपळा म्हणजे अटलांटिक जायंट, कॅनडात नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल यांनी निवड करत करत तयार केलेली जात. स्पर्धेवाले लोक बियाला त्याच्या आईभोपळ्याचं वजन, शेतकऱ्याचं आडनाव आणि साल असं नाव देतात, म्हणजे बी हातात घेतलं की खानदान कळतं. ऑनलाईन पाकिटावर नुसता फोटो मोठा आणि आतमध्ये कायबी, असलं लई चालतं, तेव्हा ज्याच्याकडं फळ प्रत्यक्ष वजन केलेलं आहे त्याच्याकडूनच घ्या. आणि परदेशातून परस्पर पोस्टानं मागवायच्या भानगडीत पडू नका, बियाणं आयात करायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो.

कधी लावायचं

ह्या झाडाला १८ ते २९-३० डिग्री मानवतं. ३२-३३ च्या वर गेलं की कळ्या गळायला लागतात, लहान फळं पिवळी पडून सुटतात. म्हणजे उन्हाळी हंगाम आपल्यासाठी बादच, एप्रिलमध्ये लातूर-नांदेडला ४० च्या वर पारा असताना हा वेल दुपारी असा मान टाकतो की बघवत नाही. जूनमध्ये लावला तर पावसात भुरी (पानावर पांढरी पावडर पसरवणारी बुरशी), केवडा, फळकूज असले रोग, आणि काळ्या रानात पाणी साचून मूळकूज ते वेगळंच. म्हणून ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा धरा, परतीचा पाऊस उघडला की. तेव्हा टोकलं तर नोव्हेंबरच्या शेवटी मादी फूल हाताशी येतं आणि फळाला वाढायला डिसेंबर, जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी मिळतो, मार्चच्या झळा लागायच्या आत काम संपलेलं असतं. थंडीचा तोटा एवढाच की रात्री पारा दहाच्या खाली गेला की वाढ मंदावते, आणि परभणीकडं तर काही वर्षी तो पाच-सहापर्यंत उतरतो. त्यावर उपाय पुढं सांगतो.

अजून एक, सरळ बोलतो. तुमची विहीर किंवा बोअर जानेवारीत आटत असेल आणि शेततळंही नसेल तर हा नाद करू नका. भरात आलेला मोठा वेल दिवसाला तीन-चारशे लिटर पाणी सहज पितो आणि मध्येच चार दिवस तोडलं तर तोपर्यंतची सगळी मेहनत पाण्यात.

जागा आणि नकाशा

एका वेलाला कमीत कमी अर्धा गुंठा द्या. पूर्ण गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट दिला तर सोन्याहून पिवळं. लोक काय करतात, अर्ध्या गुंठ्यात चार वेल लावतात, एक तरी मोठा होईल म्हणून. एकही होत नाही, चौघं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि भुरी आली की सगळ्यांना एकदमच येते. दोन रोपं जवळजवळ लावा, पंधरा-वीस दिवसांनी जो दमदार आहे तो ठेवा, दुसरा जमिनीलगत कापा, उपटू नका, नाहीतर राहिलेल्याची मुळं हलतात.

अर्ध्या गुंठ्याचा नकाशा असा धरा, २० फूट रुंद आणि २७ फूट लांब. लांबी पूर्व-पश्चिम. रब्बीत आपल्याकडं वारं बहुतेक पूर्वेकडून-ईशान्येकडून येतं, म्हणून बुड पूर्वेच्या बाजूला, कडेपासून चारेक फूट आत, रुंदीच्या बरोबर मधोमध, आणि शेंडा पश्चिमेकडं. वारं पाठीमागून आलं तर वेल पुढं दबतो. समोरून आलं तर उलटून पडतो आणि कोवळा असताना उलटला तर बुडातच पिळतो. तुमच्या रानात वारं वेगळं असेल, टेकाड किंवा खोरं असेल, तर तुमच्या वाऱ्याप्रमाणं फिरवा. पूर्वेच्या अंगाला पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड उभा केला तर अजून चांगलं, पण मागच्या तुरीच्या तुराट्या उरल्यात का ते आधी बघा, काहींच्या घरी तर ह्या दिवसात जळणालासुद्धा तुराटी नसते.

चारी कोपऱ्याला खुंट्या ठोका, मधून सुतळी ताणा, ही मुख्य वेलाची लाईन. मग दोन्ही बाजूंनी दर दोन फुटाला चुन्याची आडवी रेघ मारा, ह्या आडव्या वेलांच्या लाईनी. हा येडेपणा वाटतो पण चाळीस दिवसांनी वेल जेव्हा एका रात्रीत फूटभर पळायलाय तेव्हा ह्याच रेघा कामाला येतात, नाहीतर कुठला कुठं चाललाय ते कळत नाही. आणि चालायला वाट आधीच ठरवा. काळी जमीन ओली असताना तुडवली की दगडासारखी होते आणि खालची मुळं गुदमरतात, म्हणून लाईनींच्या मध्ये जुन्या फळ्या टाकून ठेवा आणि पाय फक्त फळीवर.

रान तयार करायचं तर बुडाच्या जागी आठ-नऊ इंच उंच गादी करा, नुसता खड्डा करून शेणखत भरू नका, भारी जमिनीत तो खड्डा म्हणजे पाण्याचं टाकं होतं. शेणखत चांगलं कुजलेलं, आणि ते फक्त बुडाला नाही, अख्ख्या अर्ध्या गुंठ्यात मिसळायचं, कारण मुळं सगळीकडं फुटणार आहेत. निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) त्यातच. माती परीक्षण केलं तर उत्तम, आपल्या चुनखडीच्या रानात लोह आणि जस्त असूनही वेलाला मिळत नाही, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की समजून जायचं.

बी लावताना कडा बारीक पॉलिश पेपरनं हलक्या घासा, टोक सोडून, मग कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा आणि टोकाकडची बाजू खाली करून कपात लावा. पहिलं खरं पान आलं की रानात. इथं एक बारीक गोष्ट आहे जी फार जणांना माहीत नसते, वेल साधारण पहिल्या खऱ्या पानाच्या उलट्या दिशेला झोपतो. म्हणून लावतानाच ते पान पूर्वेकडं तोंड करून ठेवा, वेल आपोआप पश्चिमेला पडेल.

वेल झोपवणं आणि पुरणं

सुरुवातीला झाड उभंच वाढतं, दीड-दोन फुटाचं झालं की वाकायला लागतं. तेव्हा मागून मातीची छोटी ढेप किंवा दोन काड्यांची कैची लावून हळूहळू खाली आणा, तीन-चार दिवस घ्या, एका दमात दाबलं की बुडात चिरतं. आणि हे काम कायम दुपारी तीन-चारच्या पुढं. सकाळी वेल पाण्यानं टम्म असतो, हात लावला की काड्कन मोडतो. दुपारी थोडा लिबलिबीत असतो, तेव्हा म्हणाल तसा वळतो.

आता पुरण्याचं. वेलाच्या प्रत्येक पेरापाशी, म्हणजे पान फुटतं त्या गाठीपाशी, खाली एक पांढरा कोंब दिसतो, ते मूळ आहे, त्याला फक्त ओली माती पाहिजे. म्हणून शेंडा जसा पुढं जाईल तशी त्याच्यापुढं दोन-तीन इंच खोल चरी काढायची, त्यात मूठमूठ गांडूळखत, वेल त्यात बसवायचा आणि पेरावर माती ओढायची. पानाचा देठ वर मोकळा राहिला पाहिजे आणि शेवटचा फूट-दीड फूट शेंडा कधीच पुरायचा नाही. असं पुरलं की प्रत्येक पेर स्वतःचं खाणंपिणं स्वतः करतं, वारं आलं तर वेल उलटत नाही, आणि पुढं बुडाला काही रोग लागला तरी फळ उपाशी राहत नाही. मुख्य वेल आणि आडवे वेल दोन्ही असेच पुरायचे. कंटाळवाणं काम आहे, रोज संध्याकाळी खुरपं घेऊन अर्धा तास. पण सगळ्या कामात एकच करायला वेळ असेल तर हे करा, फवारणी-बिवारणी नंतर.

ताणे, म्हणजे ते गोल गोल गुंडाळणारे दोरे, दिसतील तसे चिमटीनं काढत चला. ते दुसऱ्या पानाच्या देठाला, कधी तर लहान फळालाच धरतात आणि मग वेल वळवायला गेलं की ओढून पान फाडतात.

काय ठेवायचं, काय खुडायचं

मुख्य वेल एकच. त्याच्या प्रत्येक पेरातून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं आडवा वेल फुटतो. हे आडवे वेल ठेवायचे, काटकोनात बाहेर न्यायचे, आपण मारलेल्या रेघेवर. एका बाजूचे दोन वेल दोन फुटापेक्षा जवळ आले तर त्यातला कमजोर काढा. आडव्या वेलाला परत जे फुटतं ती बगलफूट, ती मात्र एकही ठेवायची नाही, बोटभर असतानाच खुडायची. द्राक्षबागेत काम केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, हात आपोआप जातो. ज्यानं नाही केलं त्याला वाटतं अरे एवढी पानं तोडली तर फळाला अन्न कुठून येणार. पण बगलफुटीची पानं खालच्या पानांवर सावली करतात, सावलीतलं पान कमवत कमी आणि खातं तेवढंच, शिवाय हवा खेळत नाही आणि भुरी तिथूनच सुरू होते.

बुडाजवळचे आडवे वेल आधी फुटलेले म्हणून लांब, शेंड्याकडचे नंतरचे म्हणून आखूड, वरून बघितलं तर मंदिराच्या शिखरासारखा आकार दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल, मध्येच एखादा वेल बाहेर पळालेला असेल, तर त्याचा शेंडा मारा. आडवा वेल धुऱ्यापर्यंत म्हणजे आपल्या नकाशात नऊ-दहा फूट गेला की शेंडा खुडायचा आणि कापलेलं टोक मातीत गाडून टाकायचं, उघडं ठेवलं तर त्यातून सड आत शिरते. बुडाच्या मागच्या चार फुटात पहिले दोन आडवे वेल मागं वळवून बसवा, ती जागा फुकट घालवू नका.

मुख्य वेलाचा शेंडा मात्र घाईनं मारू नका. फळ पक्कं धरलं, त्याच्यापुढं अजून आठ-दहा फूट वेल गेला, मगच. त्या पुढच्या पानांचंही अन्न फळाकडं येतं. शेंडा लवकर मारला की सगळी ताकद बगलफुटीत निघते आणि तुम्ही दिवसभर खुडत बसता.

फूल, फळ आणि वळण

मादी फूल ओळखायला सोपं, फुलाखाली लिंबाएवढा गोल भोपळा असतो. बुडापासून १० ते १२ फुटावर मुख्य वेलावर जे येईल ते धरायचं. त्याच्या अलीकडचं, पाच-सहा फुटावरचं, कितीही गोंडस दिसलं तरी काढा, तेव्हा मागं पानांची फौजच तयार झालेली नसते. आडव्या वेलावरची फळं तर सगळीच काढायची. उद्या उमलणार अशी कळी टोकाला पिवळी पडलेली असते, आदल्या संध्याकाळी ती आणि दोन-तीन नर कळ्या सुती दोऱ्यानं हलक्या बांधून ठेवा. सकाळी सात-साडेसातच्या आत नर फुलाच्या पाकळ्या काढून आतला परागाचा दांडा मादी फुलात सगळ्या बाजूंनी फिरवा आणि परत बांधा. ऊन चढल्यावर केलेलं बहुतेक वाया जातं. दोन फळं धरून ठेवा, दहा-बारा दिवसांत कुठलं जोरात वाढतंय ते कळतं, मग दुसरं काढा, आणि काढताना जीव कासावीस होतो हे मान्य.

आता जे खरं नाजूक आहे ते. फळाचा देठ वेलाला चिकटून तिरपा असतो. फळ फुगलं की त्याचे खांदे वेलाला ढकलतात आणि एक दिवस देठ तडकतो किंवा वेलच उचकटतो. म्हणून फळ नारळाएवढं व्हायच्या आधीच देठ वेलाशी काटकोनात आला पाहिजे. रोज दुपारी इंच-दीड इंच, त्याच्यापेक्षा जास्त नाही, फळ बाहेरच्या बाजूला सरकवायचं आणि त्याच वेळी फळाच्या अलीकडचा-पलीकडचा वेल मागं नेऊन त्याला धनुष्यासारखी बाक द्यायची, फळ बाकाच्या बाहेरच्या अंगाला. देठाला बोट लावून बघा, ताण वाटला, कडक वाटलं, तर त्या दिवशी तिथंच थांबा. आठवड्याभरात बसतं.

त्याच वेळी फळाच्या दोन्ही बाजूला दोन-अडीच फुटातली पेरं मातीतून मोकळी करा, तिथली मुळं कापा. फळ उंच होत गेलं की वेल पण त्याच्याबरोबर वर उचलला जातो, तो जमिनीत अडकलेला असेल तर तुटेल. फळाच्या पेरातून निघालेला आडवा वेल काढून टाका, शेजारचे फळापासून लांब वळवा. फळाखाली चांगली दोन-तीन इंच बारीक वाळू पसरा, पाणी निथळतं, फळ वाढताना सरकतं, आणि उंदीर बीळ करत नाही. हे फळ लहान असतानाच करायचं, नंतर उचलणार कोण.

फळावर चार काठ्या रोवून शेडनेट किंवा जुनं बारदान ताणा. ऊन लागलं की साल कडक होते आणि कडक साल ताणली जात नाही, मग फुटते. आणि रात्री गार पडायला लागलं की फळावर जुनी गोधडी टाका, सकाळी काढा. थंडीवरचा उपाय हाच, साधा आणि बिनखर्ची.

लातूर-धाराशिवकडच्या मंडळींना एक सूचना, येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, बरोबर फळ महिनाभराचं असतानाच्या सुमारास येते. भज्जी-आंबील खायला पाव्हणे-रावळे सगळे रानात, आणि प्रत्येकाला त्या डांगरावर हात ठेवून, काहींना तर लेकराला त्याच्यावर बसवून फोटो काढायचा असतो. आदल्या दिवशीच भोवती दोरी बांधा. रागावून उपयोग नसतो, दोरीनं होतं.

पाणी, खत, किडी

नुसतं बुडाला ड्रीपर लावून भागत नाही, मुळं सगळ्या पेरांना आहेत. प्रत्येक आडव्या वेलाच्या बाजूनं इनलाईन लॅटरल, म्हणजे आतच ड्रीपर असलेली ठिबकची नळी, टाका. रोज थोडं थोडं आणि एकाच वेळेला. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी भरपूर, असं केलं की फळ आतून एकदम फुगतं आणि रात्रीत चिरतं. उघड्या जमिनीवर सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट पसरा, काळ्या रानाला भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात.

खताचं थोडक्यात. आकडे नत्र:स्फुरद:पालाश असे वाचा, सुरुवातीला १२:६१:००, वेल पळताना १९:१९:१९, फळ धरल्यावर नत्र कमी करून ००:००:५० आणि मधून कॅल्शियम नायट्रेट वेगळं. थोडं थोडं, ठिबकमधून. युरिया हात सैल सोडून टाकला की वेल माजतो आणि फळ गळतं.

रोपावस्थेत लाल भुंगेरे एका सकाळीत पानं चाळणी करतात, तेव्हा रोप जाळीखाली ठेवा. पांढरी माशी आणि माव्यावर सुरुवातीपासून लक्ष, कारण त्यांच्यामुळं पसरणारा मोझॅक विषाणू आला की त्याला औषध नाही, ते झाड काढायचं. फळमाशीला क्यू-ल्यूरचे (नर माशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे फुलं यायच्या आधी. भुरीसाठी गंधक चालतं पण ऊन चढल्यावर मारलं तर पानं करपतात. आणि फुलं असताना कुठलीही फवारणी संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर.

वाढ मोजायला टेप ठेवा, दर दोन दिवसांनी घेर मोजून वहीत लिहा. फळ धरल्यापासून तीन ते पाच आठवडे हा खरा जोराचा काळ, जगातल्या टॉपच्या वेलांवर तेव्हा दिवसाला १५-२० किलो चढतात. त्याच काळात घेर वाढायचा एकदम थांबला तर आधी देठ आणि फळाचं बूड तपासा, वास घ्या, ओलं-मऊ काही लागतंय का बघा. नंतर फेब्रुवारीत वाढ आपोआप मंदावते, आठवडाभर टेप हललीच नाही की काढा. देठ फळाला लागून कापू नका, दोन्हीकडचा थोडा थोडा वेल ठेवून कापा. उचलायला खालून पट्टे घालून सात-आठ जण, नाहीतर पट्टे थेट जेसीबीच्या बकेटला, आणि ट्रॉलीत आधी कडब्याचा जाड थर.

खायला म्हणाल तर पाणचट असतो, घारग्याला आपलं देशीच बरं. हा जनावरांना घाला, पण बिया आधी काढून घ्या, धुऊन सावलीत वाळवा आणि पाकिटावर वजन, आडनाव, साल लिहून ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या, जवळपास त्याच जातीचा दुसरा भोपळा असेल आणि तुम्ही फूल बांधलं नसेल, तर बी शुद्ध राहिलेलं नसतं, ते पाकिटावर तसंच लिहा.